लकवा, साखर आणि रक्ताची साक्ष

‘लकवा’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या विदर्भात ‘अमक्याला लकवा मारला’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पण हा शब्द अरबी आहे. मूळ ‘लक्वा’ म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं होणं. आमच्या घरांतली वडीलधारी माणसं ‘फालिज’ म्हणतात, तोही अरबीच. अर्धं अंग गेलं की फालिज. आणि माणूस एकाएकी निपचित पडला, शुद्ध आणि हालचाल दोन्ही गेली, तर त्याला हकीम ‘सकता’ म्हणत.

या शब्दांमागे मोठी परंपरा आहे. नवव्या-दहाव्या शतकात रय्य आणि बगदाद इथे रुग्णालयं सांभाळणाऱ्या अबू बक्र अल-राझी यांच्या टिपणांचा ‘अल-हावी’ नावाचा प्रचंड संग्रह आहे. तोंड वाकडं होण्याचं मूळ मेंदूत आहे की चेहऱ्याच्या नसेत, हा फरक त्यांनी ओळखला होता. त्यांच्यानंतर इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये सकता आणि फालिज यांची स्वतंत्र वर्णनं केली. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी इतकं टिपावं, याचा अभिमान वाटतो.

पण त्यांनाही एक गोष्ट दिसणं शक्य नव्हतं. कवटीच्या आत नेमकं काय झालं? रक्तवाहिनी तुंबली की फुटली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. हात पडतो, जीभ अडखळते, ओठाचा कोपरा खाली येतो. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. तुंबली असेल तर गुठळी विरघळवायची. फुटली असेल तर रक्त गोठू द्यायचं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर माणूस जातो. लकव्याच्या उपचाराचा सगळा इतिहास या एका पेचाभोवती फिरतो. आणि गेली पंचवीस-तीस वर्षं वैज्ञानिक रोग्याच्या रक्तालाच साक्षीला बोलावत आहेत: बाबा रे, हे औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल का, ते तूच सांग.

ही साक्ष कुठवर आली आणि भिवापूरसारख्या गावातल्या माणसाला तिचा उपयोग काय, हे या लेखात मांडायचं आहे.

मेल्यावर कळायचं ते जिवंतपणी

युरोपात १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने झटक्याने मेलेल्यांची शवं उघडून पाहिली आणि मेंदूत साचलेलं रक्त दाखवून दिलं. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी दुसरी बाजू स्पष्ट केली. रक्तवाहिनीत गुठळी कशी धरते, ती सुटून दुसरीकडे कशी जाऊन अडकते, हे त्यांनी समजावलं. म्हणजे दोन्ही कारणं माहीत झाली. पण ती मेल्यानंतर कळत. जिवंत रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला अंदाजच बांधावा लागे.

हा अंधार १ ऑक्टोबर १९७१ रोजी संपला. त्या दिवशी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. साचलेलं ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. काही मिनिटांत कळतं: फुटली की तुंबली.

गुठळी विरघळवणारं औषध मात्र सीटीच्या कितीतरी आधी हाती आलं होतं. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांना दिसलं की घसा बिघडवणारे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू गोठलेलं मानवी रक्त पातळ करतात. त्यातून पुढे ‘स्ट्रेप्टोकायनेज’ आलं. हृदयविकाराच्या झटक्यात या औषधाने असंख्य जीव वाचवले. आपल्याकडे ते देशातच तयार होऊ लागलं आणि स्वस्तही झालं.

मग मेंदूसाठी का नाही? प्रयत्न झाले. १९५८ मध्ये सुसमन आणि फिच या डॉक्टरांनी मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेल्या तीन रुग्णांना गुठळी विरघळवणारं औषध दिल्याचं नोंदवलं. १९६० च्या दशकात जॉन स्टर्लिंग मायर यांनी स्ट्रेप्टोकायनेज वापरून पाहिलं, पण त्यातून भलं झाल्याचं दिसलं नाही. सीटी नसलेल्या काळात हे अंधारात दगड मारण्यासारखंच होतं. सीटी आल्यानंतरही स्ट्रेप्टोकायनेजने धोका दिलाच. १९९० च्या दशकात इटली, उर्वरित युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथल्या तीन मोठ्या चाचण्या मधेच थांबवाव्या लागल्या, कारण औषध घेतलेल्यांत मेंदूतला रक्तस्राव आणि मृत्यू वाढत होते.

१९९५ चा आकडा

त्याच काळात दुसरं औषध पुढे आलं. आपल्या शरीरातच गुठळी विरघळवणारं एक प्रथिन असतं, टिश्यू प्लाझ्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे ‘टीपीए’. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथे देझिरे कोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं केलं, आणि अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीने १९८० च्या दशकात जनुकीय तंत्राने ते बनवलं. १९८७ मध्ये हृदयविकारासाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली.

१४ डिसेंबर १९९५ रोजी मेंदूच्या झटक्यावरच्या अमेरिकी सरकारी चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६२४ रुग्ण. निम्म्यांना टीपीए, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच द्रावण. अट एक: लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत. तीन महिन्यांनी पाहिलं तर औषध घेतलेल्या १०० पैकी ३९ जण जवळजवळ पूर्ववत झाले होते. न घेतलेल्यांपैकी २६. पण पहिल्या ३६ तासांत मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडण्याचं प्रमाण न घेतलेल्यांत ०.६ टक्के होतं, तर घेतलेल्यांत ६.४ टक्के.

हा ६.४ चा आकडा आजतागायत नातेवाइकांचा पाठलाग करतो. रात्री अडीच वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर एक कागद पुढे करतात आणि सांगतात, “इंजेक्शन द्यायचं आहे, पण शंभरात सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. सही करा.” मुलगा मोठ्या भावाला फोन लावतो, भाऊ चाचांना विचारतो, चाचा म्हणतात सकाळपर्यंत थांबा. सहाचा आकडा सगळ्यांना ऐकू येतो. मागे उभे असलेले तेरा जण कुणाला दिसत नाहीत. म्हणजे औषधामुळे जे जास्तीचे १३ जण स्वतःच्या पायावर घरी गेले ते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ३९ विरुद्ध २६ हा हिशेब रक्तस्राव झालेले सगळे धरून केलेला आहे. त्यांना वगळून केलेला नाही. तीन महिन्यांनंतरचे मृत्यूही औषध घेतलेल्यांत १७ टक्के आणि न घेतलेल्यांत २१ टक्के होते. धोका खरा आहे, पण त्याची किंमत वजा केल्यावरही पारडं औषधाच्या बाजूने झुकतं. जून १९९६ मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. २००८ मध्ये युरोपीय चाचणीने तीन तासांची मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली.

तरीही डॉक्टरांना स्वस्थता नव्हती. हे शंभरातले सहा कोण, हे आधी कळलं तर? त्यांना वगळून बाकीच्यांना निर्धास्तपणे औषध देता आलं तर? इथून रक्तातल्या खुणांचा शोध सुरू झाला. वैद्यकात त्यांना ‘मार्कर’ म्हणतात.

पाळ फुटण्याआधीचं गढूळ पाणी

आमच्या पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळातले मातीचे तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पावसाळ्यात तलाव भरला की जुनी माणसं पाळीच्या खालच्या बाजूने फिरून येतात. पाझर सगळीकडेच असतो. पाझरणारं पाणी नितळ असेल तर चिंता नाही. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे, पाळ धोक्यात आहे.

मेंदूतला रक्तस्राव साधारण असाच होतो. रक्तपुरवठा थांबला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती तासागणिक कमजोर होतात. गुठळी विरघळली आणि रक्त जोराने परत आलं की अशी भिंत फुटू शकते. मग भिंत कमजोर झाली आहे हे रक्तातल्या ‘गढूळपणा’वरून आधी ओळखता येईल का?

बार्सिलोनात जोआन मोंतानेर यांच्या गटाने २००३ मध्ये असं एक नाव पुढे आणलं: मेट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९, थोडक्यात एमएमपी-९. हे एक विकर आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून धरून ठेवणारं अस्तर ते कातरतं. टीपीए देण्यापूर्वीच ज्यांच्या रक्तात एमएमपी-९ जास्त होतं त्यांच्यात नंतर मेंदूतला रक्तस्राव जास्त दिसला. संशोधनातून आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. टीपीए स्वतःच मेंदूतलं एमएमपी-९ वाढवतं. म्हणजे गुठळी फोडणारा हातच भिंतही थोडी सैल करतो.

२००४ मध्ये स्पेनमधल्याच मार कास्तेयानोस आणि सहकाऱ्यांनी दुसरी खूण दाखवली, सेल्युलर फायब्रोनेक्टिन. हे प्रथिन रक्तवाहिनीच्या भिंतीत असतं. भिंत झिजली की ते रक्तात उतरतं. आमच्या तलावाचं गढूळ पाणी ते हेच. २००७ मध्ये जर्मनीतल्या क्रिस्टियन फोर्श यांच्या गटाने एस-१००-बी या मेंदूतल्या प्रथिनाबद्दल तसंच मांडलं. रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या काही घटकांचीही नावं यादीत आली. दहा वर्षांत यादी लांबलचक झाली.

बजाजनगरची प्रयोगशाळा

ही कहाणी फक्त बार्सिलोना आणि फ्रँकफुर्टची नाही. तिचा एक धागा आमच्या नागपुरात आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

नागपूरच्या बजाजनगरात सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जी. एम. टावरी यांच्या नावाशी ती जोडलेली. तिथल्या संशोधन विभागात जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. हातिम दागिनावाला आणि डॉ. राजपालसिंग कश्यप यांनी लकव्याच्या रुग्णांच्या रक्तावर आणि मेंदूभोवतीच्या पाण्यावर बरीच वर्षं काम केलं.

२००६ मध्ये या गटाने एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. श्वेता प्रसाद त्या लेखाच्या पहिल्या लेखिका, आणि नागपूरच्याच ‘नीरी’तले हेमंत पुरोहित सहलेखकांत होते. पद्धत अशी: निरोगी माणसाचं थोडं रक्त इवल्याशा नळीत घ्यायचं आणि गोठू द्यायचं. वर सुटलेला द्रव काढून टाकायचा. गुठळीचं वजन करायचं. मग स्ट्रेप्टोकायनेजसारखं औषध घालून ठराविक वेळ ऊबेत ठेवायचं आणि सुटलेलं पाणी काढून पुन्हा वजन करायचं. वजन जितकं घटलं तितकी गुठळी विरघळली. महागडं यंत्र नाही, फक्त अचूक तराजू आणि चिकाटी. ही पद्धत पुढे बांगलादेशातल्या अनेक विद्यापीठांत औषधी वनस्पती तपासायला वापरली गेली. नागपूरच्या गटाने स्वतः २००७ मध्ये ‘धमासा’ या काटेरी वनस्पतीवर तसा प्रयोग केला. नळीतली गुठळी विरघळली म्हणजे मेंदूतली विरघळेल असं मात्र नाही. मोबाइलवर फिरणारे धमाशाचे ‘रामबाण’ संदेश वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा.

२००९ मध्ये याच गटाने आणखी एक खूण मांडली. त्या प्रथिनाचं नाव लांबलचक आहे, संक्षेपाने आयटीआयएच-४. लकव्याच्या सुरुवातीच्या काळात ते रुग्णाच्या रक्तातून घटतं किंवा नाहीसं होतं, आणि प्रकृती सुधारू लागली की परत दिसू लागतं, असं त्यांना आढळलं. ही खूण आजार ओळखण्याची आणि त्याची वाटचाल पाहण्याची. रक्तस्रावाचं भाकीत ती करत नाही. पण प्रश्न त्याच कुळातला आहे: मेंदूत काय चाललं आहे ते हाताच्या शिरेतलं रक्त सांगेल का? एकीकडे राझी आणि इब्न सीना यांची नावं घेऊन भूतकाळात रमणारे आपण, तासाभराच्या अंतरावरच्या या प्रयोगशाळेची नावं क्वचितच घेतो. त्याची मला जास्त खंत वाटते.

मग ही चाचणी दवाखान्यात का नाही?

एवढ्या खुणा सापडल्या, तरी आज जगातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात टीपीए देण्याआधी एमएमपी-९ तपासून निर्णय घेत नाहीत. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण घड्याळ. ही प्रथिनं मोजण्याची नेहमीची पद्धत काही तास घेते. मेंदूचा रक्तपुरवठा तुंबला असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. अहवाल येईपर्यंत वाचवायचं काही उरत नाही.

दुसरं कारण मोजमापाचं. सुरुवातीचे अभ्यास छोटे होते, काही तर पन्नासहून कमी रुग्णांचे. शिवाय एमएमपी-९ पांढऱ्या पेशींमधूनही सुटतं. नळीत रक्त गोठू दिलं की आकडा बदलतो, गोठू न देता मोजलं की वेगळा येतो. एका प्रयोगशाळेचा ‘जास्त’ दुसरीचा ‘ठीक’ होऊ शकतो.

तिसरं कारण साध्या अंकगणिताचं आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा, उद्या एक उत्तम चाचणी आली. रक्तस्राव होणार असलेल्या एकालाही ती सोडत नाही. आणि रक्तस्राव न होणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांना ती बरोबर ‘सुरक्षित’ म्हणते. ऐकायला छान. आता शंभर रुग्ण घ्या. सहा जणांना रक्तस्राव होणार आहे, ते सहाही पकडले गेले. उरलेल्या ९४ पैकी ४० टक्के, म्हणजे सुमारे ३८ जणांवरही तिने ‘धोका’ असा शिक्का मारला. शिक्का बसलेले एकूण ४४. त्यांतले ३८ निर्दोष. या ४४ जणांना औषध नाकारलं तर सहा जणांना वाचवताना ३८ जणांच्या हाताला, पायाला आणि वाचेला आपण मुकवलं असेल.

रक्ताची साक्ष खोटी नसते. पण ती अपुरी असते, आणि अपुऱ्या साक्षीवर ३८ निरपराधांना शिक्षा देणं कुठल्याच न्यायात बसत नाही. म्हणून वैद्यकाने या खुणा संशोधनासाठी ठेवल्या आणि उपचाराच्या दारावर पहारेकरी म्हणून बसवल्या नाहीत.

उरली ती बोटाच्या टोकाची साखर

या तीस वर्षांच्या शोधातून रोजच्या वापरात नेमकं काय राहिलं?

अमेरिकी हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, टीपीए देण्याआधी प्रत्येक रुग्णात करायलाच हवी अशी रक्ताची तपासणी एकच आहे: रक्तातली साखर. साखर फार घसरली तर लकव्यासारखीच लक्षणं दिसतात आणि ग्लुकोज दिल्यावर माणूस बरा होतो, म्हणून ती पाहायची. वाढलेली साखर दुसरी गोष्ट सांगते: अशा रुग्णात नंतरच्या रक्तस्रावाची शक्यता जास्त. फिनलंडच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये भाकितासाठी ‘सेडान’ नावाची गुणपद्धत मांडली, तिचं पहिलं अक्षर ‘शुगर’चंच आहे. मोठ्या नावांची प्रथिनं बाजूला राहिली आणि ज्या खुणेने रोजच्या कामात जागा पटकावली ती सुईच्या एका टोचणीत, काही सेकंदांत, मोजक्या रुपयांत कळते.

बाकीच्या रक्ततपासण्यांचं काय? प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ‘आयएनआर’ १.७ च्या वर असेल, तर टीपीए देत नाहीत. पण तशी शंका घेण्याजोगं काही नसेल तर त्या अहवालांसाठी थांबू नये, असं सूचना सांगतात. शंका घ्यायची की नाही हे कोण ठरवणार? घरचं माणूस. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर अब्बा रोज कोणती गोळी घेतात, शेवटची कधी घेतली, हे ज्याला सांगता येतं त्याची साक्ष त्या क्षणी प्रयोगशाळेपेक्षा मोलाची ठरते. आणि रक्तदाब. तो १८५/११० च्या वर असेल तर आधी खाली आणावा लागतो, कारण फुटू पाहणाऱ्या पाळीवर पाण्याचा दाब वाढवून चालत नाही.

दरम्यान औषधंही सुधारली. २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, जिच्यात बहुसंख्य रुग्ण आशियाई होते, कमी मात्रेत रक्तस्राव कमी दिसला. पण अपंगत्वाच्या बाबतीत कमी मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीची असल्याचं सिद्ध झालं नाही. टेनेक्टेप्लेज नावाचं नवं रूप आलं. टीपीए तासभर थेंबथेंब चढवावं लागतं, हे एकाच इंजेक्शनात देता येतं, आणि पुण्याची जेनोव्हा कंपनी ते आपल्याकडेच बनवते. लांबच्या गावांसाठी ही बातमी मोठी आहे.

भिवापूर ते नागपूर

आता माझ्या गावाकडे येतो. भिवापूर म्हणजे मिरची. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हंगामात मिरचीच्या सातऱ्यांवर बायका दिवसभर बसून देठ खुडतात. इथून नागपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पूर्वी नागभीडकडून येणारी छोटी रेल्वे होती, तिच्या वेगाची लोक थट्टा करत. आता उमरेडमार्गे रस्ता आहे. गाडी तयार असेल तर दीड-दोन तासांत माणूस मेडिकलला, मेयोला किंवा एम्सला पोहोचतो. साडेचार तासांच्या हिशेबात हे बसतं. अगदी आरामात नाही, पण बसतं.

वेळ रस्त्यात तितका जात नाही. तो घरात जातो. ‘वारं लागलं असेल, झोपू द्या.’ ‘आधी दम करून आणू.’ ‘कबुतराच्या रक्ताने मालिश करा.’ हा शेवटचा इलाज आपल्या समाजात आणि इतरांतही आजही चालतो. दुआ रस्त्यातही करता येते, गाडीत बसूनही करता येते. कबुतराचं रक्त मात्र मेंदूतल्या गुठळीपर्यंत पोहोचत नाही.

२०१४ मध्ये नऊ मोठ्या चाचण्यांतल्या ६,७५६ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. औषधाने होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका लवकर दिलं काय किंवा उशिरा दिलं काय, साधारण तेवढाच राहिला. बदलला तो फायदा. तीन तासांच्या आत दिलं तर शंभरामागे सुमारे दहा जण जास्त बरे झाले. तीन ते साडेचार तासांत दिलं तर सुमारे पाच. धोका तोच, फायदा निम्मा. म्हणजे ज्या रक्तस्रावाच्या भीतीने आपण सकाळपर्यंत थांबतो, ती भीती थांबल्याने कमी होत नाही. थांबल्याने हातचं जातं ते फक्त बरं होणं.

म्हणून भिवापुरातल्या माणसाने लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. तोंड वाकडं, हात पडला, बोली अडखळली, यांपैकी एकही एकाएकी झालं तर तो लकवाच धरायचा. घड्याळ पाहायचं, शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहायची. १०८ ला फोन करायचा. गोळ्यांची पिशवी बरोबर घ्यायची. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालायचं नाही, घशात अडकतं. बोटाला टोचून साखर मात्र वाटेत पाहून घेता येते. सीटी स्कॅन आणि तज्ज्ञ दोन्ही असतील तिथेच थेट जायचं. आणि सहीचा कागद पुढे आला तर सहा या आकड्याबरोबर तेरा हा आकडाही विचारायचा.

संशोधन थांबलेलं नाही. फोर्श आणि इतर काही गट जीएफएपी नावाच्या प्रथिनाच्या मागे आहेत. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते रक्तात लवकर आणि जास्त दिसतं, गुठळी असेल तर इतक्या लवकर नाही. अशी भरवशाची चाचणी कधी रुग्णवाहिकेत आली, तर फुटली की तुंबली या राझींच्या काळापासूनच्या पेचाचं उत्तर उमरेडच्या अलीकडेच मिळू लागेल. सीटी नसलेल्या तालुक्यांना अशा खुणेची गरज सगळ्यात जास्त आहे, आणि ती शोधणारी मुलं-मुली नागपूरच्या प्रयोगशाळांतून, आपल्या वस्त्यांतूनही पुढे यावीत असं मला वाटतं.

तोवर आपल्या हातात आहे ती बोटाच्या टोकाची साखर, गोळ्यांची पिशवी आणि घड्याळ.